हॉटवायर कटर अपडेट: नऊ वॅटला एवढं वितळतंय कसं, ते एकदाचं कळलं

मंडळी, विंग कापायचा माझा हॉटवायर कटर, म्हणजे धनुष्यात ताणलेली, करंटने तापून फोम वितळवत कापणारी तार. त्याचं धनुष्य, स्प्रिंग, मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) वगैरे मागच्या वेळी झालंच होतं, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येतो. एक्सपीएस (दाट फोमची शीट) कापताना चीर चांगली तीन-चार मिलिमीटर रुंद होत होती, कडेला ते केसासारखे धागे, आणि क्लार्क वायचा (विंगचा एक आकार) ट्रेलिंग एज, म्हणजे मागची पातळ कड, तर वितळून गायबच. पण हिशोब सांगत होता की तारेत जेमतेम नऊ वॅट जातायत!

आकडे देतो, म्हणजे तुम्हीपण ताडून बघा. तार नायक्रोम 80/20 (निकेल-क्रोमियम), जाडी 26 एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज), लांबी 60 सेंटिमीटर. पीडब्ल्यूएम (करंट भराभर चालू-बंद करून उष्णता कमी-जास्त करायची पद्धत) निम्म्यावर ठेवून तारेच्या दोन टोकांना व्होल्टेज 5.9, सिरीजमधे करंट 1.47. भागलं की 4 ओहम, गुणलं की 8.7 वॅट. रेझिस्टन्स अगदी बरोबर होता, कारण या गेजला मीटरमागे साधारण साडेसहा-पावणेसात ओहम येतात, म्हणजे 60 सेंटिमीटरला चारच यायला हवेत. (प्रोब क्रोकोडाईल क्लिपच्या आत, थेट तारेवर टेकवा हां. क्लिपवर टेकवलं की क्लिपचा ड्रॉप पण तारेच्या नावावर चढतो. आणि एवढे कमी ओहम मीटरच्या ओहम रेंजवर मोजायला जाऊ नका, प्रोबच्या वायरीच तिथे दोन-चार दशांश खातात, व्होल्ट भागिले अँपिअर केव्हाही बरं.)

मग तेच 5.9 व्होल्ट बेंच सप्लायवरून सरळ डीसी दिले. तोच करंट, तोच 4 ओहम, तेच 8.7 वॅट, आणि तार फोममधे अडकून बसली, पुढे सरकेचना! मीटरवर आकडे सेम टू सेम आणि एकीकडे लोणी, एकीकडे दगड. डोकं फिरायची वेळ आली. आधी मीटरवर संशय, मग एसएमपीएसवर (कटरचा 12 व्होल्टचा पॉवर सप्लाय), मग तार तापल्यावर रेझिस्टन्स बदलत असेल म्हणून त्याच्या मागे लागलो, पण नायक्रोम त्या बाबतीत गुणी आहे, आपल्या तापमानाला फार तर पाचेक टक्के इकडेतिकडे. टंगस्टनचा बल्ब असता तर वेगळी गोष्ट, तो थंड असताना गरम रेझिस्टन्सच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो.

शेवटी मित्राकडून ते सॉकेटमधे लावायचं वॅटमीटर आणलं आणि एसएमपीएस त्यावर जोडला. पीडब्ल्यूएम पूर्ण, 41-42 वॅट. निम्म्यावर, 21-22. निम्म्याला निम्मे! माझ्या गुणाकाराप्रमाणे तर निम्म्यावर चौथा हिस्सा यायला हवा होता, आणि इथेच ट्यूब पेटली.

डीसी रेंजवर मीटर सरासरी दाखवतो. अर्धा वेळ 11.8 व्होल्ट, अर्धा वेळ शून्य, सरासरी 5.9. करंटचंही तेच, 2.95 आणि शून्य, सरासरी 1.47. भागताना दोन्हीकडचा अर्धा कटतो म्हणून ओहम बरोबर येतात, पण गुणताना अर्ध्याला अर्धा लागतो आणि वॅट निम्मेच दिसतात. तार तर चालू असताना 11.8 गुणिले 2.95, म्हणजे 34.8 वॅटनेच तापते, फक्त अर्धा वेळ. म्हणजे खरे 17.4. पाव ड्यूटीला (पाव वेळच चालू) तर मीटरवरचा गुणाकार खऱ्याच्या पावपट!

ट्रू आरएमएस मीटरनेपण (उष्णतेच्या हिशोबाला लागणारी खरी किंमत दाखवणारा) खात्री केली. एसी रेंजवरही 5.9 आलं, कारण बहुतेक मीटर तिथे डीसी गाळून टाकतात, मग डीसी आणि एसी दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ 8.34, त्याचा वर्ग भागिले 4, बरोब्बर 17.4. हे जुळलं तेव्हा जो आनंद झाला तो विंग कापून झाल्यावरपण होणार नाही बहुतेक. पिवळं स्वस्त मीटर मात्र या कामाला बाद, एसीवर ते काहीबाहीच दाखवतं. आणि खरं तर आरएमएसची भानगडच नको, पीडब्ल्यूएम पूर्ण करून एकदा व्होल्ट-अँपिअर मोजा, गुणा, मग ड्यूटीने गुणा, झालं.

आता 40 टक्क्यांवर, म्हणजे 14 वॅटच्या जरा आत, एक्सपीएस मस्त कापलं जातंय, चीर दीड मिलिमीटर, धागे नाहीत. खिडकी उघडी ठेवूनच कापा, तो धूर चांगला नाही.

तारेबद्दल एक. ऑनलाइन मागवलेलं रीळ नुसतं '26' म्हणून आलं, मोजलं तर मीटरला 8.4 ओहम, म्हणजे एडब्ल्यूजी (अमेरिकन गेज, तार जरा बारीक) निघालं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ दुकानात उभं राहून 'एसडब्ल्यूजी का?' विचारता येतं, त्यामुळे माझं मत तिकडेच.

पुढे पीडब्ल्यूएमला डिस्प्ले लावून वॅट दाखवायचे असं ठरवलं होतं, पण हे लिहितानाच वाटतंय की ते कशाला? दर सेंटिमीटरला किती उष्णता, हे एकाच गेजच्या तारेत फक्त करंटवर ठरतं. 40 टक्क्यांची उष्णता सरळ डीसीने द्यायला 1.87 अँपिअर पुरतात (14 भागिले 4, वर्गमूळ). मग करंटच बांधून ठेवला तर धनुष्य 60चं असो की 90चं, सेटिंग तेच! 90ला 6 ओहम, म्हणजे 11.2 व्होल्ट लागतील, त्यावर बकला (व्होल्टेज उतरवणारं मोड्यूल) स्वतःला थोडी जागा हवी, तर 12चा एसएमपीएस काठावर पडतो. घरात 19 व्होल्टचा जुना लॅपटॉप अडॅप्टर पडलाय, 3.42 अँपिअरचा, 21 वॅट त्याला काहीच नाहीत. म्हणजे मॉसफेट आणि पीडब्ल्यूएम चालवणारा आर्डुइनो दोन्ही सुट्टीवर, सीसी-सीव्ही (करंट आणि व्होल्टेज दोन्ही बांधून ठेवणारं) बक मोड्यूल मागवतोय. त्या मोड्यूलवर स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या ट्रिमपॉटच्या जागी मोठा नॉबवाला पॉट कोणी बसवलाय का? किती किलोओहमचा घेतला ते सांगा, तोवर विंगच्या आकाराचे सनमायकाचे टेम्प्लेट घासून ठेवतो.