तरंगत्या इंजिनघराचे मोजमाप

जुन्या इमारती आणि यंत्रे लेझर स्कॅनरने मोजून त्यांचे नकाशे तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. माप चुकले असे वाटले तर आधी हातावर संशय घ्यावा, मग पट्टीवर, ओळंब्यावर मात्र कधीच नाही, ही शिकवण मला चिपळूणजवळच्या आमच्या गावी गवंडीकाम करणाऱ्या वडिलांकडून मिळाली. जर्मनीत ड्यूसबुर्गच्या रूरोर्ट बंदरात ती एका दिवसापुरती मला नडली.

रूरोर्टमध्ये जर्मन अंतर्गत जलवाहतुकीचे संग्रहालय आहे. त्याचा जमिनीवरचा भाग एका जुन्या सार्वजनिक जलतरणगृहात आहे, म्हणजे एके काळी जेथे गावकरी पोहत असत तेथे आता शिडाची बोट उभी आहे. उरलेला भाग खरोखरीच पाण्यावर आहे. १८८२ सालचे ‘मिंडेन’ हे गाळ उपसणारे वाफेचे यंत्रजहाज, ‘फेंडेल १४७’ ही मालवाहू बार्ज आणि १९२२ साली कामाला लागलेली ‘ओस्कार हूबर’ ही चाकांची टगबोट, म्हणजे इतर बोटी ओढणारी बोट, धक्क्याला बांधून ठेवलेल्या आहेत. आम्हाला मोजायचे होते ते या टगबोटीचे इंजिनघर.

ही बोट सुमारे ७५ मीटर लांब आणि दोन्ही बाजूंच्या चाकघरांसकट सुमारे २० मीटर रुंद आहे. गोव्यातील मांडवीवरच्या खनिजवाहू बार्ज स्वतःच्या इंजिनावर चालतात. ऱ्हाईनवरच्या त्या काळच्या बार्जना मात्र इंजिनच नसे, आणि अशी एक टगबोट कोळशाने भरलेल्या अनेक बार्ज प्रवाहाविरुद्ध ओढत नेत असे. प्रत्येक बार्जची तार वेगळी असे. नदी उथळ असल्यामुळे खोल पाणी मागणाऱ्या पंख्यापेक्षा बाजूची चाके सोयीची ठरत. या चाकांची रचना बारकाईने पाहण्यासारखी असते: फळी पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना शक्यतो उभीच राहावी, म्हणजे पाणी थापटण्यात किंवा उचलण्यात शक्ती वाया जाणार नाही, यासाठी प्रत्येक फळीला एकेक दांडा जोडलेला असतो आणि चाकाच्या केंद्रापासून किंचित सरकवून बसवलेल्या चकतीवरून ते सगळे दांडे फिरतात. पुढे १९५७ मध्ये ऱ्हाईनवर बार्ज मागून ढकलणारी बोट आली, तिचे नाव ‘वासरब्युफेल’, म्हणजे चक्क पाणम्हैस. तिच्या जातीच्या बोटींनी ओढणाऱ्यांचे दिवस संपवले. ‘ओस्कार हूबर’ १९६६ पर्यंत टिकली आणि १९७४ पासून ती संग्रहालयाची बोट झाली.

सकाळभरात आम्ही इंजिनघर, दोन्ही चाकघरे आणि वरचा डेक मिळून चोवीस ठिकाणांहून स्कॅन घेतले. दुपारी ते जोडून पाहिले तेव्हा मी जेवणाचा डबा बाजूला ठेवला. दोन्ही चाकांना जोडणारा पोलादी दंड बोटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार गेलेला आहे, आणि माझ्या पडद्यावर मात्र तो मध्येच तुटून पायरीसारखा तीन सेंटिमीटर खाली उतरला होता. तिवई सरकली असेल, स्कॅन जोडण्यासाठी ठेवलेल्या खुणेच्या एखाद्या गोळ्याला कोणाचा धक्का लागला असेल, असे सगळे तपासून झाले, पण काही सापडले नाही. शेवटी मी फक्त वेळा पाहिल्या. बिघडलेले नऊच्या नऊ स्कॅन पावणेअकरा ते सव्वाअकरा या अर्ध्या तासातले होते, आणि त्याच वेळी शाळेचा एक वर्ग धक्क्याकडच्या चाकाभोवती गर्दी करून उभा होता.

माझ्या सहकारी बाईंनी एका जड नटाला दोरा बांधून तो इंजिनघरात दीड मीटर खाली सोडला आणि नट स्थिरावल्यावर त्याच्याखाली पेन्सिलने खूण केली. दुपारचा वर्ग आला. मुले त्याच चाकाकडे धावली आणि नट खुणेवरून सावकाश अडीच-तीन मिलिमीटर सरकला. मुले पांगली तेव्हा परत आला. एवढा फरक म्हणजे जेमतेम एक दशांश अंशाचा कल. पण २० मीटर रुंदीत त्याचे साडेतीन सेंटिमीटर होतात.

चूक माझी होती. स्कॅनरमध्ये एक कलदुरुस्तीची सोय असते; ती प्रत्येक स्कॅन पृथ्वीच्या ओळंब्यात बसवते. इमारतीत ती वरदानच आहे. तरंगत्या बोटीत ती आधी बंद करावी लागते, कारण बोट कलली की यंत्रेही तिच्याबरोबर कलतात, आणि स्कॅनर मात्र माप बोटीऐवजी पृथ्वीच्या ओळंब्यालाच धरून घेण्याचा अट्टहास करतो. शिवाय मी खुणेचे चार फलक धक्क्यावर लावले होते, म्हणजे चुकीला साक्षीदारही चुकीचेच निवडले होते. ओळंबा अर्थातच खरे बोलत होता. त्याला विचारलेला प्रश्न वेगळ्या जागेचा होता.

कलदुरुस्ती बंद केली, सगळे फलक बोटीच्याच अंगावर चिकटवले आणि बिघडलेल्या भागाचे मोजमाप पुन्हा सुरू केले. शेवटचा स्कॅन चालू असताना एक मालवाहू बोट जवळून गेली, तिच्या लाटेने टांगलेला नट चांगलाच झुलला, आणि तरीही पडद्यावर दंड सरळ आला. फरक दोन मिलिमीटर.

कार्यालयाच्या तक्त्यात रद्द केलेल्या मापांचे कारण लिहावे लागते. मी लिहिले: नऊ स्कॅन, शाळेची सहल, धक्क्याकडच्या चाकापाशी.