दुपारचा टीव्ही

"अरे, यात मला माझाच चेहरा दिसतोय," आज दुपारी आई म्हणाली.

५५ इंची ओएलईडी टीव्ही परवाच घेतला. रात्री दिवे मालवून पाहिला तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटलं. मागून उजेड देणारा दिवाच नाही, प्रत्येक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा बारीक ठिपका, स्वतः उजळतो आणि विझतो, म्हणून काळा म्हणजे अगदी काळा. प्रसंगातल्या कंदिलाच्या काचेवरची काजळीसुद्धा दिसत होती.

पण दुपारी हॉलमध्ये ऊन येतं. अंधारा प्रसंग लागला की पडद्यावर आई, तिची खुर्ची आणि गॅलरीतले वाळत घातलेले कपडे. टीव्ही इतका पातळ की स्पीकर खालच्या बाजूला, संवाद तिला नीट ऐकूच येत नाहीत.

शिवाय तिच्या बातम्या दिवसभर चालू. लोगो आणि खालची पट्टी तासन्तास एकाच जागी राहिली, तर तिथले पिक्सेल जास्त झिजतात, कायमची सावली उमटू शकते.

रात्रीचे दोन तास माझे, दिवसाचे आठ तिचे. निवडला मात्र मी माझ्या दोन तासांसाठी. हेच दुपारपासून मनाला लागून राहिलंय.

जाड पडदे शिवायला टाकलेत, साउंडबारही आणतोय. तुमच्याकडे ओएलईडीवर रोज बातम्या चालतात का? पट्टीचा डाग उमटलाय का कुणाच्या टीव्हीवर?