कीटोवर वजन अडकलं तेव्हा काय काय तपासलं (माझा अनुभव)

कीटो डाएट (पोळी-भात-साखरेतले कार्ब अगदी कमी, तूप-तेलासारखं फॅट जास्त) सुरू केलं की पहिल्या काही आठवड्यांत वजन धपाधप उतरतं आणि आपण हवेत असतो. पण त्यातलं बरंचसं पाणीच असतं, शरीरात साठलेलं ग्लायकोजेन (म्हणजे साठवून ठेवलेली साखर) संपतं आणि त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं तेही निघून जातं. मी ८४ वरून ७७ वर आले आणि मग काटा जो बसला तो बसलाच. पोळी बंद, भात बंद, साखर बंद, तरी ७७.

घरात पहिला संशय गुळावर. सासूबाई प्रत्येक भाजीत गुळाचा खडा टाकतात आणि जो तो मला सांगायला लागला की हाच तो, हा बंद करा. म्हटलं भांडण्याआधी मोजू तरी, म्हणून किचनचा छोटा वजनकाटा मागवला. अख्ख्या भाजीत पाच-सहा ग्रॅम गूळ, खाणारे चार जण, म्हणजे माझ्या वाट्याला जेमतेम दीड ग्रॅम! दिवसाला २० ते ५० ग्रॅम कार्ब चालतात तिथे दीड ग्रॅमने काय बिघडणार. गूळ निर्दोष सुटला, सासूबाईपण.

काटा आलाच होता तर मग सगळंच मोजायला घेतलं आणि खरा मामला तिथे उघडा पडला. शेंगदाण्याचा कूट हो! भेंडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, दोडक्यात कूट, दिवसभरात सहज ५० ग्रॅम. फायबर वजा केलं तर त्यात कार्ब चारेक ग्रॅम, म्हणून कार्बच्या हिशोबात तो कधी डोळ्यावर येतच नाही, पण कॅलरी बघा, जवळपास २८५. त्यात सकाळच्या कॉफीत दोन मोठे चमचे तूप, ते झाले २४०, वर येता-जाता बदाम. आणि पनीरच्या ग्रेव्हीत काजू, त्याच्यात तर कार्बपण बदामापेक्षा जास्त. आणि ८४ किलोच्या शरीराला जेवढं लागायचं तेवढं ७७ किलोच्या शरीराला लागत नाही, ताट मात्र तेच, त्यामुळे आधी जी तूट पडायची ती आपोआप भरून निघत होती.

मधल्या काळात लघवीतले कीटोन (कार्ब कमी पडले की शरीर चरबी जाळून जे बनवतं ते) दाखवणाऱ्या पट्ट्यांनी फार डोकं खाल्लं. सुरुवातीला गडद जांभळी यायची, नंतर फिकट गुलाबी, आणि आपण घाबरून अजून तूप ओततो. पण काही आठवड्यांनी शरीर कीटोन नीट वापरायला लागतं आणि लघवीत कमी जातात, त्यामुळे रंग फिकट झाला म्हणजे कीटोसिस (शरीर चरबीवर चालतं ती अवस्था) गेलं असं नाही. आणि रंग गडद आला तरी जळतंय ते पोटावरचं की कॉफीतलं तूप हे पट्टीला काय कळणार. मुळात हा डाएट १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी फिट्स येणाऱ्या पेशंटसाठी सुचवला होता, तिथे कीटोन वाढणं हेच औषध. आपल्याला वजन उतरवायचंय, दोन्ही गोष्टी एक नाहीत.

थायरॉईडची टेस्टपण करून घेतली, नॉर्मल आली. पाळीच्या आधी माझं वजन एक-दीड किलो पाण्यानेच वाढतं, म्हणून आता या महिन्याचं वजन मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी लावून बघते, आणि कंबर टेपने मोजते. काटा हलत नव्हता तेव्हाही कंबर थोडी उतरली होती.

बदललं एवढंच: कॉफीतलं तूप बंद, कूट चमच्याने मोजून, बदाम मोजून डबीत, आणि त्या जागी अंडी अन् पनीर वाढवलं कारण त्याने भूक बराच वेळ लागत नाही. भाजीतला गूळ चालू आहे.

माझं बघून नणंदेलापण कीटो करायचं होतं, पण तिला शुगरची डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे. डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं, या गोळीबरोबर कार्ब एकदम तोडले तर शुगर फार वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (कीटोन प्रमाणाबाहेर साठून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. त्यामुळे शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, परस्पर सुरू करू नका.

माझा काटा हलला, पण सुरुवातीसारखा धपाधप नाही, महिन्याला किलो-सव्वा किलो. आता ७३ वर आहे आणि दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी परत सुरू करावी का या विचारात आहे.