लसणाच्या पाकळ्या

मायक्रोस्कोपच्या खोलीतला दिवा मालवून मी प्लेट लावली. ३८४ खळगे, आम्ही त्यांना वेल म्हणतो. प्रत्येकात हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) आणि एकेका जनुकाला गप्प करणारे सायआरएनए, म्हणजे आरएनएचे छोटे तुकडे. शेवटी सगळ्यांत नोकोडॅझोल. या औषधाने पेशीतल्या सूक्ष्मनलिका बनत नाहीत, गुणसूत्रं ओढणार कोण? म्हणून पेशी विभाजनाच्या मधेच थांबतात आणि गोल गरगरीत दिसतात. आम्ही शोधत होतो ती न थांबणारी वेल, म्हणजे या नाक्यावर पहारा देणारं एखादं नवं जनुक.

आधी कंट्रोल, म्हणजे काय दिसणार हे आधीच माहीत असलेल्या तुलनेच्या वेल पाहिल्या. पीएलके१ हे पेशीला जगायला लागणारं जनुक गप्प केलेली वेल जवळपास ओस, पेशी मरून धुण्यात वाहून गेलेल्या. म्हणजे ट्रान्सफेक्शन, सायआरएनए पेशींत शिरवण्याचं काम, छान लागलं होतं.

आणि मग जी-७. पेशी चपट्या, पसरलेल्या. डीएनएला चिकटणाऱ्या डॅपी रंगाच्या निळ्या उजेडात केंद्रक लसणाच्या गड्डीसारखं, पाकळ्या पाकळ्यांचं. नाका ओलांडून पुढे गेलेल्या पेशी! या जनुकाचा विभाजनाशी संबंध आम्हाला कुठेच वाचायला मिळाला नव्हता. मी धावत जाऊन ज्युनिअरला बोलावलं.

"मॅडम, हे तर हुबेहूब मॅड२च्या कंट्रोलसारखं दिसतंय!" तो आनंदाने म्हणाला. मॅड२ म्हणजे याच नाक्यावरचं आधीच माहीत असलेलं पहारेकरी जनुक. मलाही तेव्हा ती आनंदाचीच गोष्ट वाटली.

जी-७मध्ये चार सायआरएनएंचं मिश्रण होतं. पुढच्या फेरीत ते सुटे करून पाहिले. चौघांनीही आपलं जनुक नीट दाबलं होतं, पण तिघांच्या पेशी गोलच. लसूण फक्त चौथ्याकडे. पोटात गोळा आला. मॅड२चं प्रथिन किती उरलंय ते दाखवणारी वेस्टर्न ब्लॉट चाचणी केली, तर चौथ्याच्या रांगेत प्रथिनाचा पट्टा जेमतेम दिसेल इतका फिका.

सायआरएनए साधारण २१ अक्षरांचा, पण त्यातली दुसरं ते आठवं एवढीच अक्षरं परक्या जनुकाच्या आरएनएच्या शेपटाशी जुळली तरी तो मायक्रोआरएनएसारखा (पेशीतले जनुकं दाबणारे छोटे आरएनए) तेही जनुक दाबू शकतो. मॅड२ अशा चुकीच्या माऱ्याला फार लवकर बळी पडतं. इतर प्रयोगशाळांनाही अशा स्क्रीनमध्ये, म्हणजे एकेक जनुक दाबून पाहणाऱ्या शोधात, त्याने असंच चकवलं आहे. पेशींनी दाखवलं ते खरं होतं, वेलवर आम्ही लिहिलेलं नाव चुकलं होतं. ज्युनिअर पहिल्याच दिवशी जे बोलून गेला, तिथेच मी थांबायला हवं होतं. हे मला अजून बोचतं.

त्याच संध्याकाळी ते जनुक यादीतून काढलं आणि उरलेल्या प्रत्येक हिटचे, म्हणजे पेशी न थांबलेल्या वेलमधल्या जनुकाचे, सायआरएनए सुटे सुटे मागवले.