आमची वाटचाल : शरीराच्या उबेत टिकणारं जिलेटिन

जिलेटिनची घट्ट वडी तळहातावर धरली की थोड्याच वेळात ती ओघळू लागते. तिच्यातल्या प्रथिनाच्या साखळ्यांची जाळी साधारण 30 ते 35 अंश सेल्सिअसच्या दरम्यान सुटते, आणि शरीर असतं 37 अंशांवर. मऊ ऊतींच्या इम्प्लांटसाठी हा पदार्थ मुळातच गैरसोयीचा. तरी आम्ही त्यातच हात घातला. जिलेटिन कोलॅजेनपासून, म्हणजे कातडी-हाडांमधल्या प्रथिनापासून बनतं, त्यामुळे पेशींना धरून बसायला लागणाऱ्या जागा त्यात शाबूत असतात. सिलिकॉनभोवती शरीर तंतुमय कवच उभारून त्याला बाजूला ठेवतं. जिलेटिनच्या सच्छिद्र जाळीत मात्र पेशी आत शिरतात आणि स्वतःचं कोलॅजेन विणू लागतात. गाठ काढल्यावर किंवा अपघातानंतर राहिलेली पोकळी रुग्णाच्या स्वतःच्या ऊतींनी भरावी, हे आमचं पहिल्यापासूनचं ध्येय.

त्यासाठी शरीराच्या उबेत जाळी सुटू नये म्हणून जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधाव्या लागतात, म्हणजेच क्रॉसलिंकिंग. हे बांधणारं ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन स्वस्त आहे, झटपट काम करतं, आणि प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या हृदयाच्या झडपा त्यानेच पक्क्या करतात. पण त्याचे उरलेले अंश पेशींना विषारी ठरतात, शिवाय त्या जागी कॅल्शियम साचण्याचा धोका असतो. जिथे पेशींनी राहायला यावं असं आपण म्हणतो, तिथे ते नको, असं आम्ही आधीच ठरवलं. आम्ही जिलेटिनची शीट आणि जेल अशी दोन रूपं करतो. शीटसाठी कार्बोडायइमाइड हे रसायन घेतलं. ते बंध जुळवून देतं, स्वतः त्या बंधात राहत नाही, आणि त्यातून तयार होणारा युरिया पाण्यात धुऊन जातो. इंजेक्शनने भरायच्या जेलसाठी जिलेटिनला मेथाक्रिलेट हा प्रकाशाने जुळणारा रासायनिक गट जोडतो आणि 405 नॅनोमीटरच्या प्रकाशाने ते जागच्या जागी पक्कं करतो.

खरी कसोटी प्रमाणाची. बंध कमी पडले तर शरीरातली एन्झाइम्स जाळी लवकर खाऊन टाकतात आणि पोकळी पुन्हा तशीच. बंध जास्त झाले तर जाळी ताठ होते, पेशी आत शिरत नाहीत. चरबीसारखी ऊती जेमतेम काही किलोपास्कल (ताठपणा मोजायचं एकक) इतकी मऊ असते. तिच्या शेजारी ताठ तुकडा बसवला तर तो टोचत राहतो. म्हणून प्रत्येक बॅचचे तुकडे आम्ही 37 अंशांवर कोलॅजेनेजच्या, म्हणजे कोलॅजेन तोडणाऱ्या एन्झाइमच्या द्रावणात ठेवतो आणि ठराविक वेळाने पाणी टिपून वजन करतो. आधी कडा बुळबुळीत होतात, मग चिमट्यात धरताना तुकडा लवतो. शरीरात नेमका किती काळ टिकेल हे यावरून सांगता येत नाही, पण कोणती बॅच कोणत्या बॅचपेक्षा तग धरते हे स्वच्छ कळतं.

एका सर्जननी आमची शीट हातात घेऊन आधी सुई मागितली. टाका घातला, दोरा ओढला आणि शीट चर्रकन फाटली. ‘‘मला टाका धरणारी हवी,’’ एवढंच ते म्हणाले. त्यानंतर आम्ही आत पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लॅस्टिकच्या बारीक तंतूंची जाळी घातली. तीही शरीरात विरघळते, पण जिलेटिनपेक्षा खूप सावकाश. आमच्या उत्पादनातला सगळ्यात मोलाचा बदल मी हाच मानतो.

कच्च्या मालात आम्ही तडजोड करत नाही. खाण्याचं जिलेटिन पोटाला चालतं, पण त्यातल्या एंडोटॉक्सिनमुळे, म्हणजे जिवाणूंच्या विषारी अंशांमुळे, ऊतीत दाह उठतो. अमेरिकी फार्माकोपियानुसार, म्हणजे तिथल्या औषधांच्या मानकग्रंथानुसार, अशा उपकरणांसाठी साधारण मर्यादा नगामागे 20 एंडोटॉक्सिन युनिट आहे. त्यामुळे महाग पडलं तरी शुद्ध केलेलंच जिलेटिन घेतो. निर्जंतुकीकरणातही तेच. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या उष्णतेने साखळ्या तुटतात, म्हणून शीट कोरडी करून गॅमा किरणांखाली पाठवतो. किरणांमुळेही ताकद बदलते. त्यामुळे ग्राहकाला आकडे देतो ते किरण दिल्यानंतरचेच.

सध्या आमचा माल फक्त संशोधनासाठी जातो, रुग्णात बसवण्यासाठी नाही. आयएसओ 10993 या वैद्यकीय उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार जैविक चाचण्या सुरू आहेत. पेशींवरची विषारीपणाची चाचणी झाली, आता प्राण्यांमधल्या दीर्घ मुदतीच्या चाचणीची तयारी चालू आहे. तुम्ही सर्जन किंवा संशोधक असाल तर नमुना जरूर मागवा, टाका घालून ओढून पाहा, आणि तो कुठे फाटला ते आम्हाला कळवा.