ब्रांडेनबर्ग डब्ल्यू.१२ (१/७२): फ्लोट बसले, शेपूट जमलं

तीन रविवार गेले, पण हान्सा-ब्रांडेनबर्ग डब्ल्यू.१२ या पहिल्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ फ्लोटप्लेनचं (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं) माझं १/७२ प्रमाणातलं मॉडेल आता स्वतःच्या पायांवर उभं आहे.

आधी फ्लोटचं, म्हणजे विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या खालच्या दोन होडीसारख्या भागांचं सांगतो. पहिल्या खेपेला मी फ्लोट धडाला जोडणाऱ्या दांड्या एकेक करून चिकटवत गेलो आणि डावा फ्लोट पुढून दीड मिलिमीटर आत वळला. खऱ्या विमानाचे ११.२ मीटरचे पंख इथे साडेपंधरा सेंटिमीटरचे; एवढ्याशा चणीत तेवढा तिरकेपणाही लगेच डोळ्यांत खुपतो. सगळं सोडवलं. फोम बोर्डात दोन समांतर खाचा पाडल्या, फ्लोट त्यांत घट्ट बसवले, वर धड टेकवलं आणि मगच दांड्या लावल्या. इथे सुपरग्लू वापरू नका, सावकाश सुकणारा एपॉक्सी घ्या. शेवटची दांडी बसेपर्यंत पहिली हलवता येते.

शेपटापाशी मात्र मी रमलो. अल्बाट्रॉस डब्ल्यू.४ किंवा ब्रांडेनबर्गचंच केडीडब्ल्यू ही आधीची लढाऊ फ्लोटप्लेनं एकआसनी होती. शत्रू पाठीमागून आला की वैमानिकाला वळल्याशिवाय गत्यंतर नाही. अर्न्स्ट हाइनकेलनं डब्ल्यू.१२ मध्ये मागे तोफची बसवला आणि त्याच्या बंदुकीसमोरचं आकाश मोकळं करून दिलं: धड मागे वर चढत जातं, आडवं शेपूट त्याच्या माथ्यावर, आणि सुकाणू चक्क खाली लटकतं. तोफच्याच्या जागेवरून डोळा लावून मागे पाहिलं, मध्ये काहीही उभं नाही! चित्रात हे कितीदा पाहिलं होतं, पण हातात धरल्यावर उमगलं. किटमधलं आडवं शेपूट फार जाड होतं. ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिशपेपरनं मागची कड घासून पातळ केली. घासताना सुकाणूची खुंटी मोडली, तिच्या जागी पितळी तार घातली.

बेल्जियमच्या किनाऱ्यावरच्या झेब्रुगच्या तळावरून फ्रीडरिख क्रिस्टियान्सेन या जर्मन वैमानिकानं ११ डिसेंबर १९१७ रोजी ब्रिटिशांचं सी-२७ हे एअरशिप पाडलं, ते डब्ल्यू.१२ मधूनच. त्यामुळे मॉडेल झेब्रुगचंच करतोय.

आता विमानावरच्या षटकोनी छापाच्या कापडाचे डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं. ते फक्त वरच्या बाजूंना. पंखांची खालची बाजू फिकटच ठेवायची. जुन्या मोडक्या पंखावर एक पट्टी लावून पाहिली, तर फासळ्यांच्या उंचवट्यांवर ती सुरकुतली. डेकल मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचा दुसरा हात आज रात्री देतोय.