आत्याची सलाईन आणि चंदगडचा नरक्या

आत्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला आणि दर पंधरा दिवसांनी तिला केमोला कोल्हापूरला न्यायचं काम माझ्याकडं आलं. सलाईन चढेपर्यंत चार-पाच तास बसायचं, मोबाईल तरी किती बघणार, मग मी बाटल्यांवरची नावं वाचायला लागलो. त्यातलं एक इरिनोटेकान, फिकट पिवळसर. मी बीएस्सी केमिस्ट्री करून विमा विकणारा माणूस, पण जुनी खाज असतेच ना, शोधत बसलो आणि शोधता शोधता थेट आत्याच्या गावामागच्या जंगलात, नरक्या नावाच्या झाडापाशी येऊन पोचलो!

तर हे औषध बनतं कॅम्प्टोथेसिन नावाच्या अल्कलॉइडपासून, म्हणजे झाडात तयार होणाऱ्या एका रसायनापासून. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका संस्थेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी १९६६ साली ते एका चिनी झाडाच्या लाकडातून-सालीतून वेगळं काढलं. यातले वाणी आपल्या नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले. टॅक्सॉल हे कॅन्सरचं दुसरं नावाजलेलं औषध, ते पण याच जोडगोळीचं. आमच्या कॉलेजात तीन वर्षांत कुणी वाणींचं नाव घेतल्याचं आठवत नाही, आणि आपण बाकी कुणाकुणाच्या जयंत्या करत बसतो.

सापडलं म्हणजे लगेच औषध झालं असं नाही. हे कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळेना, म्हणून १९७०च्या सुमारास त्याचं सोडियम मीठ करून पेशंटना दिलं, पण त्यात रेणूचं एक कडं उघडतं आणि नेमकी ताकद त्या मिटलेल्या कड्यातच. वर लघवीच्या आम्लात ते कडं परत मिटायचं आणि मूत्राशयातून रक्त. प्रकरण बंद. १९८५ला कळलं की हे पेशीत नेमकं करतं काय, आणि ते मला लई आवडलं. पेशी दुप्पट होताना डीएनएची दोरी उलगडावी लागते, तशी पुढं पीळ घट्ट होत जातो. आपल्याकडं सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पेशीकडं मात्र त्यासाठी टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम, म्हणजे काम उरकणारं प्रथिन आहे, ते एक धागा कापतं, पीळ सोडतं आणि परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागी पाचरीसारखं घुसतं, जोड बसतच नाही, नक्कल काढणारी यंत्रणा धावत येऊन तिथं आदळते आणि दोरी तुटते. भराभर वाढणाऱ्या पेशी यात आधी मरतात. मग झाड स्वतः कसं मरत नाही? त्या चिनी झाडानं स्वतःच्या एन्झाइमच्या साखळीतला एक मणी, म्हणजे एक अमिनो आम्ल, बदलून ठेवलंय, पाचर बसायलाच नको. बेरकी!

विरघळणारं इरिनोटेकान बनवलं जपानच्या याकुल्टनं, हो तीच ती छोट्या बाटलीतली पोटाला चांगल्या जिवाणूंची कंपनी. जपानात १९९४ला मान्यता, अमेरिकेत १९९६ला. गंमत म्हणजे या औषधाचा मोठा त्रास जुलाब, आणि त्याला हातभार लावतात आतड्यातलेच जिवाणू, लिव्हरनं निकामी करून सोडलेलं औषध ते परत जागं करतात. आत्याचे ते चार दिवस मी बघितलेत, म्हणून गंमत म्हणताना पण कसंतरी होतं.

आता आपल्याकडचं. १९७२ला मुंबईत गोरेगावच्या सिबा या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हेच अल्कलॉइड सह्याद्रीतल्या एका लहानखुऱ्या झाडात मिळालं, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. ते झाड म्हणजे नरक्या. फुलांना घाण वास, जुन्या शास्त्रीय नावात पण फोएटिडा, म्हणजे दुर्गंधी. आंबोली, राधानगरी, चंदगड, कोयना, सगळीकडं आहे, खरं म्हणजे होतं, कारण माल भरपूर म्हटल्यावर कुऱ्हाडी आल्याच. बुंधा ठेवला तर त्याला परत धुमारे फुटतात, पण मुळांमध्ये पण औषध आहे ना, मग मुळासकट उपटायचं. त्याच झाडाच्या आत राहणारी एक बुरशी पण हे अल्कलॉइड बनवते असं जम्मूच्या लोकांनी २००५ला दाखवलं होतं, तेव्हा वाटलं असेल आता जंगल सुटलं, पण लाकूड अजून लागतंच.

परतीच्या गाडीत मी हे सगळं मामांना, म्हणजे आत्याच्या मिस्टरांना, सांगितलं. ते म्हणाले, "नरक्या व्हय? आरं त्याचीच लाकडं धरली की फॉरेस्टवाल्यानी टेम्पोत, आमच्या वरच्या अंगाला. आमास्नी वाटलं जळणाला नेत असतील, आन् एवढ्या जळणाला पोलीस कशाला." मग बराच वेळ गप्प. हलकर्णीच्या पुढं आल्यावर म्हणाले, "रोप मिळतंय काय रं? परड्यात लावूया एक."

आत्या मागच्या सीटवर झोपली असेल असं वाटलं होतं. डोळे मिटूनच म्हणाली, "लावा, पण लांब लावा. आधीच मला वास सोसंना झालाय."